जपानला येणाऱ्या खान्देशी पोरापोरींसाठी: पहिलं वर्ष नीट कसं काढायचं

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची पोरं आता जपानला येऊ राहिली, कोणी केअरगिव्हर म्हणून, कोणी शेतीत, कोणी फूड फॅक्टरीत, कोणी आयटीत, आणि जो तो पहिला प्रश्न विचारतो की भाऊ पगार किती मिळतो. पगाराचं सांगतोच पुढे, पण खरं सांगू का, पगार हा सगळ्यात सोपा भाग आहे, तो ठरलेल्या तारखेला खात्यात येतो. अवघड असतं ते बाकीचं, नगरपालिकेचे कागद, खोली, कचरा, जेवण, थंडी, आणि घरी फोनवर आईला काय सांगायचं ते.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा. इथे काहीही करायचं असेल तर आधी विचारायचं, आधी सांगायचं. आपल्याकडे काम करून टाकतो आणि मग साहेबाला भेटून मिटवून घेतो, गावात सगळे ओळखीचे असतात म्हणून ते जमतंही. जपानमध्ये तुम्ही आधी सांगितलं तर ऑफिसातला माणूस, घरमालक, सुपरवायझर, शेजारची आजी, सगळे जीव तोडून मदत करतात, आणि नंतर सांगितलं की त्याच माणसांचे हात नियमांनी बांधलेले असतात. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीचं आहे.

निघायच्या आधी

सगळ्यात आधी एजंट. गावात कोणीतरी येतो, जपानला लावून देतो म्हणतो, इतके लाख द्या म्हणतो, आणि पोराचा बाप केळीचा पैसा नाहीतर शेताचा तुकडा मोडायला निघतो. थांबा. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी असलेला एजंटच परदेशी नोकरीची भरती करू शकतो आणि त्याला भरतीची सर्व्हिस फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच घेता येते. एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का ते मोबाईलवर पाच मिनिटांत बघता येतं. भाषेच्या क्लासची फी वेगळी असू शकते, तिची पावती घ्या आणि कशाकशाचे पैसे ते लिहून घ्या. आणि कोणी म्हणालं की मधेच नोकरी सोडली तर दंड म्हणून एवढे लाख लिहून द्या किंवा डिपॉझिट ठेवा, तर सही करू नका, कारण स्पेसिफाइड स्किल्ड वर्करच्या व्हिसात जपानचा नियमच असले डिपॉझिट आणि दंडाचे करार चालू देत नाही.

हा स्पेसिफाइड स्किल्ड वर्करचा, जपानीत तोकुतेई गिनोचा, म्हणजे केअरगिव्हर, शेती, फूड फॅक्टरी अशा ठरलेल्या कामांचा व्हिसा २०१९ च्या एप्रिलपासून सुरू झाला, भारताशी त्याचा करार २०२१ च्या जानेवारीत झाला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत पाच लाख लोकांची देवाणघेवाण करायचं ठरवलं, त्यात भारतातून ५०,००० कुशल माणसं जपानला जायचं लक्ष्य आहे. म्हणजे दार उघडं आहे, घाई करून कोणाच्याही पायी पडायची गरज नाही. कामाची स्किल टेस्ट आणि जपानी भाषेची जेएलपीटी एन४ (एन५ सगळ्यात खालची पायरी, मग एन४, एन३ अशी वर) किंवा जेएफटी बेसिक ही परीक्षा पास करावी लागते. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, पुण्यात सेंटर आहे, भुसावळहून रात्रीची गाडी पकडून देऊन येता येतं. माझं ऐकाल तर एन४ वर थांबू नका, एन३ चा अभ्यास गावातच सुरू करा, इथे आल्यावर आठ तास काम करून संध्याकाळी पुस्तक उघडायला जो जोर लागतो तो फार जणांकडे उरत नाही. आणि हे पण लक्षात घ्या की या व्हिसाच्या पहिल्या टप्प्यात एकूण पाच वर्षं राहता येतं आणि बायकामुलांना सोबत आणता येत नाही, लग्न ठरत असेल तर समोरच्यांना हे आधीच सांगा.

कंपनीकडून सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, म्हणजे व्हिसासाठी लागणारा जपानच्या इमिग्रेशनचा कागद, आलं की ते तीन महिनेच चालतं, त्या मुदतीत व्हिसा काढून जपानमध्ये पोचायचं असतं.

बॅगेत काय आणायचं यावर घरात भांडण होतंच. मांस असलेलं काहीही आणू नका, सुकं असो की डब्यातलं. ताजा कढीपत्ता, मिरच्या, फळं, आणि डाळी, धान्य, बियाणं यांना क्वारंटाइनचं सर्टिफिकेट लागतं, त्यामुळे ते सोडून द्या, डाळ इथे मिळते. दळलेला काळा मसाला, तिखट, हळद कंपनी पॅक असल्यासारखं नीट सील करून आणा, बिबड्या, कुरडया, पापड आणा, आणि कस्टमच्या फॉर्मवर खाण्याचं सामान आहे असं खरं लिहा, विचारलं तर बॅग उघडून दाखवा. औषधांचं मात्र गंभीर आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीची औषधं एक महिन्यापुरती आणता येतात, त्याच्यापुढे आधी परवानगीचा कागद काढावा लागतो. आपल्याकडे मेडिकलवर सहज मिळणारी कोडीनची खोकल्याची बाटली आणि स्यूडोएफेड्रिनच्या सर्दीच्या गोळ्या यांच्यावर जपानमध्ये कडक नियम आहेत, त्या आणूच नका.

मिक्सर पण आणू नका. इथे वीज १०० व्होल्टची आहे, आपला २३० व्होल्टचा मिक्सर दाणे फिरवून दाखवतो पण वाटत काही नाही. मोबाईल आणि लॅपटॉपचा चार्जर चालतो, फक्त दोन चपट्या पिनांचा प्लग लागतो.

पहिले चौदा दिवस

नारिता, हानेदा, कान्साई अशा मोठ्या विमानतळावर उतरलात की तिथेच रेसिडेन्स कार्ड हातात देतात. त्या क्षणापासून ते कार्ड खिशात पाहिजे, आंघोळीला जाताना सोडून सगळीकडे. पोलिसाने विचारलं आणि कार्ड जवळ नसलं तर दोन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. घरी कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो पाठवून ठेवा.

राहायचा पत्ता ठरला की १४ दिवसांच्या आत शियाकुशो, म्हणजे नगरपालिकेत, किंवा मोठ्या शहरात कुयाकुशोत जाऊन पत्ता नोंदवायचा. तिथे कसं असतं ते सांगतो म्हणजे घाबरायला होणार नाही. दारातच एक बाई किंवा बाबा उभे असतात, त्यांना कार्ड दाखवून म्हणायचं की पत्ता नोंदवायचाय, ते मशीनमधून नंबराची चिठ्ठी काढून देतात आणि कुठल्या खिडकीसमोर बसायचं ते दाखवतात. नंबर पुकारला की जायचं. फॉर्म जपानीत असतो, पण काउंटरवर भरलेला नमुना लावलेला असतो आणि पुष्कळ ठिकाणी इंग्रजी किंवा सोप्या जपानीतला कागद मिळतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहायचं, वडिलांच्या नावासकट असेल तर तसंच. इथेच एक काम करून घ्या, तुमच्या नावाचा काताकाना (परदेशी नावं लिहायची जपानी लिपी) उच्चार एकदाच ठरवा आणि सगळीकडे तोच द्या. बँकेत पाटील एका स्पेलिंगने, इन्शुरन्सला दुसऱ्या, कंपनीत तिसऱ्या असं झालं की पुढे पगार जमा होताना अडतो आणि मग तीन ऑफिसं फिरत बसावं लागतं. शेवटी ते कार्डाच्या मागे पत्ता छापून देतात. त्याच दिवशी जुमिनह्यो, म्हणजे रहिवासी दाखला, एकदोन जास्तीच्या प्रती काढून घ्या, लागतोच.

कंपनीची सोशल इन्शुरन्स नसेल तर त्याच मजल्यावर नॅशनल हेल्थ इन्शुरन्सची खिडकी असते, तेही त्याच फेरीत उरकून टाका. थोड्या दिवसांनी पोस्टाने १२ आकडी माय नंबर येतो, तो आधारसारखा जपून ठेवायचा आणि ओळखीपाळखीत कोणाला द्यायचा नाही.

तोकुतेई गिनोवाल्यांनी एक माहीत करून घ्या. तुम्हाला विमानतळावरून आणणं, खोली बघायला आणि बँक खातं उघडायला मदत करणं, ऑफिसात सोबत येणं हे सगळं कंपनीचं किंवा तिने नेमलेल्या संस्थेचं कायद्याने ठरलेलं काम आहे, आणि त्याचा खर्च तुमच्याकडून घ्यायचा नसतो. त्यामुळे लाजू नका, नम्रपणे मागा. आयटीवाल्यांना आणि इंजिनिअर व्हिसावाल्यांना ही सोय नसते, त्यांनी ऑफिसातल्या एचआरला आल्या आल्या विचारावं.

बँकेचं म्हणाल तर बऱ्याच बँका पहिले सहा महिने खातं द्यायला कांकू करतात, पोस्टाची युचो बँक त्यातल्या त्यात सोपी. खातं उघडल्यावर व्हिसा वाढला, नवं कार्ड आलं की बँकेला कळवायचं, नाहीतर खातं अडकतं. सिमकार्ड, पासबुक, एटीएम कार्ड कोणालाही विकायचं नाही, वापरायला पण द्यायचं नाही, परत जाताना चार पैसे मिळतात म्हणून कोणी मागेल, तो गुन्हा आहे आणि त्यात पोरं पकडली जातात.

खोली, कचरा, शेजारी

कंपनीची खोली असेल तर प्रश्न नाही, पण भाडं पगारातून किती कापतात ते करारात बघा. स्वतः खोली घेत असाल तर पहिल्या महिन्यात चार-पाच महिन्यांच्या भाड्याएवढे पैसे लागू शकतात: शिकिकिन म्हणजे डिपॉझिट, रेइकिन म्हणजे मालकाला द्यायची रक्कम जी परत येत नाही, एजन्सीची फी, हमीदार कंपनीची फी, विमा. हे टाळायचं तर यूआर नावाची सरकारी संस्थेची घरं बघा, तिथे रेइकिन नाही, एजन्सी फी नाही, हमीदार लागत नाही. इमारती जुन्या असतात पण चारजणांत पैसे वाचवून गावी पाठवायचे असतील तर मला तोच मार्ग शहाणपणाचा वाटतो. फक्त करारात जितकी नावं तितकीच माणसं राहायची. मित्र आला म्हणून त्याला दोन महिने ठेवून घेणं आपल्यात माणुसकी असते, इथे त्याने करार मोडतो, म्हणून आधी विचारा.

कचऱ्यावर जरा जास्त लिहितो कारण परदेशी माणूस आणि शेजारी यांच्यात सगळ्यात आधी खटका उडतो तो इथेच. पत्ता नोंदवला की पालिका कचऱ्याचं कॅलेंडर देते, कोणत्या वारी जळणारा कचरा, कोणत्या वारी प्लास्टिक, कोणत्या वारी बाटल्या-डबे. ते फ्रिजवर चिकटवायचं. बऱ्याच गावांत पालिकेची ठरलेली पिशवीच लागते, ती सुपरमार्केटात मिळते. कचरा त्याच दिवशी सकाळी, साधारण आठच्या आत ठेवायचा, रात्री नाही, आणि कावळ्यांसाठी जाळी असते ती वरून नीट झाकायची. पाण्याच्या बाटलीचं झाकण काढायचं, लेबल सोलायचं, आतून विसळायची, चेपायची, मग ठेवायची. चुकीचं ठेवलं तर गाडीवाले पिशवी उचलत नाहीत, कारण लिहिलेलं स्टिकर लावून तिथेच सोडतात, आणि ती दिवसभर सगळ्या बिल्डिंगला दिसते. गादी, सायकल, टेबल अशी मोठी वस्तू असेल तर फोन किंवा वेबसाइटवर तारीख घ्यायची, दुकानातून पैशाचं स्टिकर आणून चिकटवायचं आणि मग बाहेर ठेवायची.

आपल्या लोकांसाठी खास गोष्ट तेलाची. पापड-कुरड्या तळल्या, भजी केली, आता उरलेलं जळकं तेल मोरीत ओतायचं नाही, पाइप तुंबतो आणि खर्च तुमच्यावर येतो. शंभर येनच्या दुकानात तेल घट्ट करायची पावडर मिळते, तेल गरम असतानाच ती टाकून ढवळायची, थंड झालं की तेलाची वडीसारखी चकती होते, ती उलथन्याने उचलून जळणाऱ्या कचऱ्यात. फार सोपं आहे, एकदा करून बघा.

राहायला गेलात की वर, खाली आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना छोटा टॉवेल किंवा बिस्किटाचा पुडा देऊन नाव सांगून या. ज्या घरात आधी ओळख झालेली असते तिथे फोडणीचा वास, फोनवरचा मोठा आवाज यावर तक्रार व्हायच्या आधी माणूस बोलून सांगतो. आपल्याला फोनवर मोठ्याने बोलायची सवय असते, जपान भारतापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे गावी सगळे जेवून रात्री नऊला निवांत फोन करतात तेव्हा इथे साडेबारा वाजलेले असतात आणि भिंती पातळ असतात. घरच्यांना संध्याकाळी साडेपाचची वेळ द्या, इथे नऊ वाजलेले असतात, दोघांना बरं पडतं.

सायकल घेतलीत, जुनी असो वा नवी, तर पोलिसांकडची बोहान तोरोकु नोंदणी आपल्या नावावर करून घ्या. मित्राने फुकट दिली तरी. रस्त्यात पोलीस नंबर तपासतात आणि दुसऱ्याचं नाव निघालं की चौकीत बसावं लागतं. मोबाईल हातात घेऊन सायकल चालवणं आणि दारू पिऊन चालवणं दोन्हीला २०२४ च्या नोव्हेंबरपासून जड शिक्षा आहे, दारूला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड.

खाण्याचं

शाकाहारी असाल तर पहिले दोन महिने हाल होतील, हे खोटं बोलून उपयोग नाही. भाजी दिसते, टोफू दिसतो, पण रस्सा दाशीचा असतो आणि दाशी बहुतेक वेळा माशाची. माळकरी घरातली पोरं असतात, त्यांनी नुसतं मांस नको म्हणून भागत नाही, मासा नको, माशाचा रस्सा नको असं वेगळं सांगायचं. पाकिटावर काही ठरलेले ॲलर्जीचे पदार्थ लिहायची सक्ती आहे, कोळंबी, खेकडा, अक्रोड, गहू, बकव्हीट, अंडं, दूध, शेंगदाणा वगैरे, पण डुकराचं मांस किंवा जिलेटिन त्या सक्तीच्या यादीत नाही, म्हणून पाकिटाच्या मागचा बारीक मजकूर मोबाईलच्या ट्रान्सलेट कॅमेऱ्याने वाचायची सवय लावा.

टोकियोत असाल तर निशी-कासाईला भारतीय वस्ती आहे, शिन-ओकुबोला मसाल्याची दुकानं आहेत. पण आपली बरीच पोरं खेड्यात, शेतीच्या भागात असतात, त्यांच्यासाठी ग्योमु सुपर नावाची स्वस्त दुकानं आणि भारतीय किराण्याची ऑनलाइन दुकानं आहेत, तूरडाळ, बेसन, कणिक घरपोच येते. ज्वारीचं पीठ कधी मिळतं कधी नाही, कळण्याचं तर विसराच, उडीद-ज्वारी गावाहून दळून मागवली तर पार्सलला पण तेच क्वारंटाइनचे नियम लागतात. संध्याकाळी सात-आठ नंतर सुपरमार्केटात भाज्यांवर आणि ब्रेडवर किंमत कमी केल्याचे स्टिकर लागतात, तेव्हा जा. केळी सगळीकडे मिळतात, बहुतेक फिलिपिन्सची, रावेर-यावलच्या पोरांना चव पटणार नाही पण कामावर जाताना पोटाला आधार आहे.

भरीत मात्र होतं, आणि चांगलं होतं. वांगी बारीक, काळपट जांभळी असतात, बामणोदच्या हिरव्या वांग्यासारखा गर नाही, म्हणून माणशी चार तरी घ्या, किंवा बेइनासु नावाचं मोठं वांगं मिळालं तर तेच घ्या. उघड्या ज्योतीवर भाजायला जाऊ नका, इथल्या शेगडीत मधे सेन्सर असतो, जास्त तापलं की ज्योत आपोआप बारीक होते आणि वांगं अर्धं कच्चं राहतं. शेगडीच्या खाली मासे भाजायचा ड्रॉवर असतो, तो साबणाने स्वच्छ घासून, फॉइल लावून, वांग्यांना टोचे मारून तेल चोळून त्यात ठेवायची, मोठ्या आचेवर, मधे एकदा फिरवायची. साल करपून सुटली की काढा. त्याच ड्रॉवरमधे मिरच्या पण भाजता येतात पण एक्झॉस्ट फुल चालू ठेवून आणि खिडकी उघडून, कारण छताला अलार्म असतो आणि मिरचीचा ठसका तीन घरं पुढे जातो. कांद्याच्या पातीच्या जागी नेगी वापरा, जवळपास तीच चव. भरीत ठेचायची लाकडी बडजी नाही तर शंभर येनच्या दुकानातला लाकडी मुसळ आणि जाड भांडं घ्या, लसूण-मिरची-शेंगदाणे ठेचा, गर घालून रगडा, वरून तेलाची फोडणी. भाकरी नसली तर पुऱ्या करा. रविवारी चार खोल्यांमधली पोरं एकत्र बसून खातात तेव्हा आठवडाभराचा शीण निघून जातो, आणि शेजारच्या आजोबांना एक वाटी नेऊन दिली तर ते पुढच्या आठवड्यात तुम्हाला मुळे आणि कोबी आणून देतात. तिखट कमी घाला फक्त.

काम आणि पगार

करारावर जो आकडा असतो तो हातात येत नाही. पेन्शनचा तुमचा वाटा ९.१५ टक्के, आरोग्य विमा साधारण पाच टक्के, रोजगार विमा, इन्कम टॅक्स आणि खोलीचं भाडं कापून उरतं ते घरी पाठवायचं. म्हणून बापाला फोनवर ग्रॉस पगार सांगू नका, नाहीतर तो त्या हिशोबाने कर्जाचा हप्ता ठरवतो. किमान वेतन प्रत्येक प्रांतात वेगळं आहे, २०२५ च्या वाढीनंतर ते सगळीकडे ताशी १,००० येनच्या वर आहे आणि टोकियोत १,२२६ येन. टोकियोत जास्त म्हणून धावत जाऊ नका, भाडं तिथे त्याहून जास्त खातं.

दुसऱ्या वर्षाच्या जूनमध्ये एक धक्का बसतो तो आत्ताच सांगून ठेवतो. रेसिडेंट टॅक्स मागच्या वर्षाच्या कमाईवर लागतो, साधारण दहा टक्के, म्हणून पहिल्या वर्षी काहीच कापत नाहीत आणि जूनपासून अचानक पगार कमी झाल्यासारखा वाटतो. कंपनीने फसवलं असं नसतं. पहिल्या वर्षापासून दर महिन्याला थोडे बाजूला टाका.

टॅक्स कमी करायचा खरा रस्ता म्हणजे गावाकडचे आईवडील अवलंबून आहेत हे दाखवणं. वर्षाअखेरी नेनमात्सु चोसेई, म्हणजे कंपनीत टॅक्सचा हिशोब, होतं तेव्हा जन्म दाखल्यासारखे नात्याचे कागद आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या लागतात. २०२३ पासून ३० ते ६९ वयाच्या माणसासाठी सहसा वर्षात त्याच्याच नावावर ३,८०,००० येन पाठवलेले दिसावे लागतात. सगळे पैसे मोठ्या भावाच्या खात्यावर टाकले आणि आई-बाप त्याच्याकडून घेतात असं सांगितलं तर चालत नाही. आईच्या खात्यावर आईचे, बापाच्या खात्यावर बापाचे, आणि हवालावाल्याकडून कधीच नाही, त्याची पावतीच नसते. गावचं स्वतःचं सेव्हिंग खातं पण बँकेला सांगून एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयाचं खातं, करून घ्या.

आठवड्याला ४० तास, त्याच्यावर ओव्हरटाइमला किमान २५ टक्के जास्त, सहा महिने नीट काम केलं की १० दिवस पगारी रजा, हा साधा नियम. शेतीत मात्र कायदा कामाचे तास आणि ओव्हरटाइमचा हा नियम लावत नाही, त्यामुळे शेतीवाल्यांनी करारात तास, सुट्टी आणि जास्तीच्या कामाचे पैसे कसे लिहिलेत ते सही करायच्या आधी ओळ ना ओळ वाचून घ्यावं. आपल्याकडची पोरं कामाला कमी नसतात, केळीच्या घडांची ओझी वाहिलेली असतात, पण बिनहिशोबी तास कोणी करू नये. पासपोर्ट कंपनीला ठेवायला देऊ नका. पगार चुकला किंवा मार लागला, शिवीगाळ झाली तर रोदो किजुन कांतोकुशो म्हणजे लेबर ऑफिस आहे, तिथे परदेशी भाषांची फोनलाइन पण असते. रोजचे तास एका वहीत तारखेसकट लिहून ठेवा, तिथे ती वही कामी येते.

कामावर दहा मिनिटं आधी पोचायचं, उशीर होणार असेल तर ट्रेनमधूनच मेसेज. काही चुकलं, तुटलं, कळलं नाही तर लगेच सुपरवायझरला. समजलं नसताना मान डोलावणं ही आपली मोठी अडचण आहे, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून आपण हो म्हणतो, आणि मशीनवर किंवा म्हाताऱ्या पेशंटच्या औषधात तेच महागात पडतं. पुन्हा विचारलेलं त्यांना आवडतं, खरंच आवडतं.

नोकरी बदलायची असेल तर १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवणं आलंच, आणि तोकुतेई गिनोवाल्यांना तर नव्या कंपनीत काम सुरू करायच्या आधी परवानगी लागते. रविवारी दुसरीकडे हजेरीवर जाऊन येतो असलं काही करू नका, व्हिसा जातो.

आजारपण, थंडी, भूकंप

ताप आला तर सरळ मोठ्या हॉस्पिटलात जायचं नाही, आधी जवळचं क्लिनिक. मोठ्या हॉस्पिटलात चिठ्ठीशिवाय गेलात तर ७,००० येन किंवा जास्त वेगळे द्यावे लागतात. विमा असल्यावर बिलाच्या ३० टक्केच तुम्ही देता. ॲम्ब्युलन्स आणि आग ११९, पोलीस ११०.

आपण भुसावळच्या ४५ डिग्रीत वाढलेले, त्यामुळे इथला ३६ चा उन्हाळा काय करणार असं वाटतं, पण दमटपणाने घाम सुकत नाही, पोरं शेतात चक्कर येऊन पडतात, मिठाचं पाणी जवळ ठेवा. हिवाळ्यात घराबाहेरपेक्षा घरात जास्त गारठतं कारण जुन्या घरांच्या भिंती पातळ. गावाहून गोधडी आणा, आणि आतले गरम कपडे इथेच घ्या. रॉकेलचा हीटर लावायच्या आधी घरमालकाला विचारा, बऱ्याच खोल्यांत बंदी असते.

भूकंपाचा अलार्म सगळ्या फोनवर एकदम वाजतो. पळत बाहेर जायचं नाही, टेबलाखाली डोकं झाकून बसायचं, थांबलं की दार उघडून ठेवायचं. समुद्राजवळ असाल तर थांबलं की लगेच उंचावर, कशासाठी थांबायचं नाही. २०२४ च्या १ जानेवारीला नोतोमध्ये ७.६ चा भूकंप झाला तो नवीन वर्षाच्या सुट्टीत, दुपारी चारच्या सुमाराला, म्हणजे तो कोणाची वेळ बघून येत नाही. मोठ्या धक्क्यात गॅसचा मीटर आपोआप बंद होतो, तो परत कसा चालू करायचा ते खोली घेताना मालकाला दाखवायला सांगा. आणि आपल्या भागातली हिनानजो, म्हणजे आसऱ्याची जागा, बहुतेक एखादी शाळा असते, ती सुट्टीच्या दिवशी चालत जाऊन बघून या. घरी सांगून ठेवा की भूकंपाची बातमी आली आणि फोन लागला नाही तर लाइन बिझी असते, मेसेजची वाट बघा.

गावी येणं, आणि कायमचं परतणं

आखाजीला किंवा कानबाईच्या रोटांना यायचं असेल तर रजा दोन-तीन महिने आधी मागा, हंगामात शेतीवाले आणि वर्षाअखेरी फॅक्टरीवाले सोडत नाहीत. विमानतळावर निघताना फॉर्मवर परत येणार आहे या खुणेवर टिक करा आणि कार्ड सोबत ठेवा, तसं केलं की एक वर्षाच्या आत परत येता येतं. टिक राहिली तर व्हिसा संपला असं धरतात. व्हिसाची मुदत संपत असेल तर तीन महिने आधीपासून वाढवायचा अर्ज करता येतो, गावी जायच्या आधी तो टाका.

कायमचं परतत असाल तर नगरपालिकेत जातोय म्हणून नोंदवा, बँक खातं आणि सिम बंद करा, राहिलेला रेसिडेंट टॅक्स भरा किंवा भरणारा माणूस नेमा. पेन्शन सहा महिने किंवा जास्त भरली असेल तर जपान सोडल्यावर दोन वर्षांच्या आत एकरकमी पैसे मागता येतात, कंपनीच्या पेन्शनच्या रकमेतून २०.४२ टक्के टॅक्स कापतात आणि तो पण जपानमध्ये टॅक्सचा प्रतिनिधी नेमून परत मिळवता येतो, म्हणून विश्वासाच्या माणसाला निघायच्या आधीच तयार करा. भारत-जपानचा सोशल सिक्युरिटी करार २०१६ च्या ऑक्टोबरपासून लागू आहे, दोन्हीकडची वर्षं पेन्शनसाठी जोडली जातात, पण एकरकमी पैसे घेतले की जपानची ती वर्षं पुसली जातात. ज्यांना परत जपानला यायचं असेल त्यांनी म्हणून घाईने पैसे काढू नयेत. पेन्शनचं निळं पुस्तक किंवा नंबराचा कागद आणि शेवटच्या वर्षाची गेनसेन चोशुह्यो नावाची टॅक्सची स्लिप, या दोन गोष्टी हँडबॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत टाकू नका.